आधी जंगल, मग बेडूक

काचवाल्याने टेप गुंडाळून खिशात टाकली आणि विचारलं, "मॅडम, मासे कुठले ठेवणार?"

"मासे नाहीत. बेडूक."

त्याने हातातल्या कागदाकडे पुन्हा एकदा पाहिलं. लांबी पाच फूट, रुंदी दोन फूट, उंची पाच फूट, काच ८ मिलिमीटर. मग बाहेर उभ्या असलेल्या पोराला हाक मारली, "आत ये की बे. मॅडम बेडकाला बंगला बांधायल्यात."

गड्ड्याची यात्रा नुकतीच उठली होती. थंडी होती म्हणजे सोलापुरात जेवढी असते तेवढी. अशा हवेत माणसाला काहीही जमेलसं वाटतं. मे महिन्यात कुणी विचारलं असतं, तर मीही त्या पोरासोबत हसले असते.

बेडकांशी माझा हिशेब जुना आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इथल्याच एका कॉलेजात प्राणीशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. गुरुवारी दुपारी प्रात्यक्षिक असायचं. प्रयोगशाळेतले मामा पोत्यातून बेडूक आणायचे, क्लोरोफॉर्मच्या बरणीत टाकायचे आणि मग एकेकाच्या मेणाच्या ट्रेमध्ये उताणे ठेवून जायचे. चार पायांना चार टाचण्या. पोटाची कातडी कात्रीने उचलायची. ती इतकी सैल असते, की अंगरखा काढावा तशी निघते. खाली पातळ स्नायू, मग छातीचं हाड, आणि ते कापलं की तीन कप्प्यांचं हृदय. बेडूक मेलेला असला तरी ते बराच वेळ चालूच राहायचं. आम्ही एचबी पेन्सिलीने त्याची आकृती काढायचो, आणि ती पूर्ण होईतो ते थांबू नये अशी मनातल्या मनात प्रार्थना करायचो. मादी निघाली तर आत काळ्या-पांढऱ्या अंड्यांचा गच्च ढीग. सर म्हणायचे, "बाजूला काढा, शिरा दिसत नाहीत."

जर्नलात नाव लिहायचं राना टायग्रिना. आता त्याचं नावही बदललं. शास्त्रज्ञ त्याला हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस म्हणतात. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणीशास्त्रातलं हे विच्छेदन बंद केलं. माझ्या मुलीला ही गोष्ट सांगितली, तेव्हा तिने फक्त विचारलं, "आई, जिवंत बेडूक कधी नीट बघितलास का?"

नव्हता बघितला. यकृताचे किती खंड ते येत होतं. तो दिवसभर काय करतो, कुठे बसतो, कशाला घाबरतो, यातलं काही येत नव्हतं.

तर बंगला. इंग्रजीत याला व्हिवेरियम म्हणतात. मत्स्यालयाचा जमिनीवरचा भाऊ समजा. फक्त पाण्याऐवजी आत दमट हवा भरायची असते. या सगळ्याच्या मुळाशी लंडनचा नॅथॅनियल वॉर्ड नावाचा एक डॉक्टर आहे. १८२९ मध्ये त्याने पतंगाचा कोष बघायला म्हणून एका बंद बाटलीत ओली माती घालून ठेवली. लंडनच्या धुरकट हवेत त्याचे नेचे जगत नव्हते, आणि या बाटलीत मात्र एक नेचा आपोआप उगवला. पुढे त्याच तत्त्वावरच्या काचपेट्यांत घालून चीनमधली चहाची रोपं जहाजाने भारतात आली. मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्या सकाळच्या चहावर या पेटीचे उपकार आहेत. तो म्हणाला, "चहाला पाणी लागतं. ते कुठून आणणार?"

त्या प्रश्नाकडे येतेच. आधी बांधकाम.

८ मिलिमीटर काचेचा एक चौरस मीटर तुकडा वीस किलो भरतो. माझ्या पेटीचं नुसतं काचेचंच वजन दीडशे किलोच्या आसपास गेलं, म्हणून ती खालच्या मजल्यावर, पूर्वी जिथे सासऱ्यांची बैठक होती तिथे. समोर सरकती दारं. दारांच्या खाली चार बोटांची स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी आणि वर छतालाही तसलीच जाळी. खालून हवा आत जाते, वरून बाहेर पडते, आणि जाता जाता समोरची काच पुसत जाते. नाहीतर दिवसभर वाफेने पांढरी झालेली काच बघत बसावं लागतं. हे मी आधी वाचलं म्हणून केलं. बाकी बहुतेक गोष्टी चुकल्यावर कळल्या.

तळ दुहेरी असतो. खाली पाणी साठायला जागा, वर माती. मातीचे भाजलेले हलके गोळे मिळतात, ते घालायची पद्धत आहे. पण एवढ्या मोठ्या तळाला त्यांची किंमत काढली आणि वही मिटली. त्याऐवजी पीव्हीसी पाइपचे चार इंची तुकडे उभे केले, त्यावर ट्यूबलाइटच्या पॅनेलची चौकटीचौकटींची प्लास्टिकची जाळी, त्यावर शेडनेट. शेडनेट आमच्याकडे कुठल्याही शेतकी दुकानात मिळतं, डाळिंबवाल्यांच्या कृपेने. कोपऱ्यात एक जाड नळी खालपर्यंत सोडली, म्हणजे साठलेलं पाणी उपसता येतं.

मातीच्या बाबतीत मात्र मला आमच्या जिल्ह्याचा अभिमान आडवा आला. काळी कसदार जमीन, मालदांडी ज्वारीची. तीच का नको? एक घमेलं भरून आणली. आठ दिवसांत तिचा चिखल झाला, शेडनेटची भोकं बुजली आणि कुंडीतल्या नेच्याची मुळं कुजली. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. हवा खेळती ठेवणं तिच्या स्वभावात नाही. मग कोकोपीट आणलं. ते समुद्रकाठच्या काथ्याचं, त्यात मीठ असतं. तीनदा भिजवून, पिळून, पुन्हा धुऊन घ्यावं लागलं. त्यात लोणारी कोळशाचे तुकडे, झाडाच्या सालीचे तुकडे, आणि सगळ्यात वर सुकलेल्या बदामाच्या पानांचा थर. बदाम म्हणजे आपलं अंगणातलं, लाल पानांचं झाड, काजूच्या शेजारचा बदाम नव्हे. कडुलिंबाची पानं शेजारी ढिगाने पडली होती, पण ती धान्यात किडे होऊ नयेत म्हणून घालतात. मला तर किडेच हवे होते.

हो, किडे. हा भाग सासूबाईंना मी अजून सांगितलेला नाही. बंद पेटीत पान कुजणार, विष्ठा पडणार, बुरशी येणार. रोज झाडायला कोण जाणार? त्यासाठी स्प्रिंगटेल नावाचे खसखशीहून लहान पांढरे जीव सोडतात. ते बुरशी खातात आणि शेपटीखालच्या कळीने टुणकन उडतात. डब्यात ओल्या कोळशावर ते वाढवायचे. डब्यात पाणी ओतलं की सगळे वर तरंगतात, की ओता पेटीत. दुसरे, कुंडी उचलली की खाली पळापळ करणारे ते करडे, चिलखतवाले, बऱ्याच पायांचे. ते किडेच नाहीत. खेकड्या-कोळंबीच्या भावकीतले आहेत, जमिनीवर राहायला आलेले. अजूनही कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतात म्हणून ओल सोडत नाहीत. वीसेक गोळा केले ते आमच्याच परसातले.

मागची भिंत फोमची. फवारला की फुगणारा फोम असतो ना, एसीच्या पाइपभोवती मारतात तो. मी त्याला कमी लेखलं. रात्री मारला, सकाळी पाहते तर तो दारापर्यंत आला होता. भाकरीच्या सुरीने तासला, त्यावर सिलिकॉन थापून कोकोपीट दाबलं. सिलिकॉनचा वास व्हिनेगरसारखा. आठवडाभर घरात कुणीतरी लोणचं सांडल्यासारखं वाटत होतं. ते पूर्ण सुकेपर्यंत आत कुठलाही जीव घालायचा नसतो.

आता पाणी.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतो, कधी पहाटे तीनला, आणि आला की गल्लीतल्या प्रत्येक घरात मोटार सुरू होते. अशा गावात माझ्या पेटीच्या छताला सहा नोझल होते आणि दिवसातून चार वेळा तीस-तीस सेकंद पाऊस पडणार होता. नवरा म्हणाला, "पाच दिवसांनी नळ येतो आपल्याला, आणि तू बेडकाला रोज पाऊस पाडणार?" मला त्याचं म्हणणं लागलं, कारण ते बरोबर होतं. म्हणून मोजलं. दिवसाला दीड लिटर. आणि त्याचा कूलर उन्हाळ्यात दोन बादल्या पितो, तेही मोजलं. त्यानंतर पाण्यावरून वाद झाला नाही. पण मला मात्र तेव्हापासून पेटीतल्या पावसाचा आवाज पूर्वीसारखा निखळ ऐकू येत नाही.

बोअरचं पाणी चाललं नाही. इतकं जड, की पंधरा दिवसांत काचेवर पांढरे ठिपके आणि दोन नोझल बंद. नळाच्या पाण्यात क्लोरीन. बेडकाची कातडी म्हणजे आपल्यासारखी भिंत नाही, खिडकी आहे. तो तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जागेवर बसतो आणि पोटाखालच्या, मांड्यांजवळच्या पातळ कातडीने शोषून घेतो. त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट रक्तात. आधी आरओचं, मग पहिल्या पावसापासून गच्चीवरच्या पन्हळीखाली दोन पिंप.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. अशोक चौकाच्या मागच्या आमच्या गल्लीत सगळेच त्यांना ताता म्हणतात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. तरुणपणी खड्डामाग चालवायचे. पेटी बघायला आले, दार सरकवून आत हात घातला, तळव्याने हवा चाचपली. तेवढ्यानेच त्यांनी आतला दमटपणा ओळखला. माझा हायग्रोमीटर त्यानंतर दोन मिनिटांनी तिथे पोचला.

"माग खड्ड्यात का असायचा, ठाऊक आहे का?" त्यांनी विचारलं. मला वाटायचं, पाय सोडून बसता यावं म्हणून. ते म्हणाले, तेही आहेच. पण जमिनीलगत ओल असते, आणि ओल्या हवेत सुताला बळ असतं. कोरड्या हवेत ताणा तटातट तुटतो. म्हणून फरशीवर पाणी मारायचं, खिडक्या लावून घ्यायच्या आणि आत विणकराने घाम गाळत बसायचं. "धाग्याला दमट लागतं, माणसाला वारा लागतो. दोघांतल्या एकालाच मिळायचं. धागा महाग होता."

कोरड्या सोलापुरात हवा ओली कशी ठेवायची, याचं शिक्षण या गल्लीत शंभर वर्षं चालू होतं, आणि मी ते परदेशी लोकांच्या व्हिडिओंत शोधत होते.

तातांचं वाक्य एप्रिलमध्ये खरं ठरलं. खोलीत ३६ अंश, पेटीत ३३, आर्द्रता ९२ टक्के. कागदावर उत्तम दमटपणा. प्रत्यक्षात भट्टी. माठातलं पाणी गार का राहतं? बाहेरची हवा कोरडी, म्हणून पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. आमचा कूलर त्याच जिवावर चालतो. पण पेटीतली हवा आधीच पाण्याने ठासून भरलेली. तिथे काही उडत नाही, काही गार होत नाही. ओल्या कातडीचा बेडूक तिथे सावलीत बसूनही शिजला असता. पर्जन्यवनातल्या बऱ्याच जातींना पंचविशीच्या आसपासची हवा मानवते, तीसच्या वर जीव धोक्यात. मग जुन्या कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे छताच्या जाळीवर बसवले. आर्द्रता पंच्याहत्तरवर उतरली, तापमान कूलरच्या खोलीत अठ्ठावीसपर्यंत आलं. धाग्यालाही थोडं, माणसालाही थोडं. नवऱ्याने सुचवलं, खोलीला एसीच लावू. म्हटलं, आपल्या खोलीत नाही, बेडकाच्या खोलीत लावायचा? तर म्हणाला, मग मी तिथेच झोपेन.

त्या उन्हाळ्यात बेडूक आत नव्हता, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. आधी जंगल, मग बेडूक, हा या कामातला पहिला नियम. झाडं रुजू द्यायची, बुरशीचे फेरे येऊन जाऊ द्यायचे. माझं पहिलं जंगल बुरशीनेच खाल्लं. पंढरपूरकडच्या एका नातेवाइकांनी द्राक्षाची बाग मोडली, तेव्हा मी तिथून पीळदार जुनी खोडं आणली होती. दिसायला अशी देखणी, की पेटीतून नजर हटेना. दहा दिवसांत त्यांच्यावर कापसासारखी पांढरी बुरशी, दोन महिन्यांत बोट घातलं तर आत जायला लागलं. द्राक्षाचं लाकूड ओलीत टिकत नाही, हे द्राक्षवाल्यांच्या जिल्ह्यात राहून मला कळू नये! सगळं उपसून मत्स्यालयाच्या दुकानातली मुळं घातली. स्प्रिंगटेल मात्र त्या काळात जे माजले, ते अजून माजलेलेच आहेत.

तर बेडूक कुठला? सुरुवातीला मनात होते ते दक्षिण अमेरिकेतले, नखाएवढे, निळे-तांबडे, विषारी म्हणून प्रसिद्ध असलेले. त्यांचं विष म्हणे खाण्यातल्या मुंग्या आणि कोळीवर्गी बारीक जीवांतून येतं. पेटीत जन्मलेल्यांना ते नसतंच. त्यातल्या काही जातींची आई एकेक शेपटीवालं पिल्लू पाठीवर घेऊन झाडावर चढते, पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात ठेवते आणि पुन्हा पुन्हा येऊन त्याला आपलीच न फळलेली अंडी खाऊ घालते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. ट्रेमध्ये बाजूला काढलेला तो अंड्यांचा ढीग आठवत होता.

पण परदेशी बेडूक विकणाऱ्यांचे निरोप यायला लागले, फोटोंसह, कुरिअरच्या खर्चासह, तशी मी मागे सरले. एक बुरशी आहे, बेडकांच्या कातडीवर वाढणारी. शास्त्राने तिला १९९९ मध्ये नाव दिलं. जगभरात पाचशेहून जास्त जातींची संख्या तिने घटवली, त्यांतल्या नव्वद बहुधा संपल्याच. तिला देशोदेशी फिरवण्यात बेडकांच्या व्यापाराचा मोठा हात. आणि व्यापार आपल्यालाही नवा नाही. एकेकाळी आपण बेडकांच्या तंगड्या टनावारी परदेशी पाठवायचो. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. ज्याला मी चार टाचण्या मारायचे, तोच हा बेडूक.

मग इथलाच एखादा पकडून आणायचा? हिप्परग्याच्या तलावाकाठी संध्याकाळी ढिगाने असतात. पण रानातला जीव उचलून काचेत कोंडायचा नाही, ही अट मी पहिल्या दिवशीच घालून घेतली होती. मामांचं ते पोतं अजून डोळ्यांपुढून गेलेलं नाही.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडे. पाऊस ओढला की पोरं कडुलिंबाचा पाला अंगाला गुंडाळून, एका बेडकाला काठीला बांधून धोंडी मागत दारोदार फिरायची, आणि बायका पोरांच्या अंगावर कळशीभर पाणी ओतायच्या. बेडकाच्या अंगावरही चार थेंब. मग खरोखरचा पाऊस आला की एका रात्रीत शिवार ओरडायला लागायचं. आजी सांगायची, बेडूक पावसाबरोबर आभाळातून पडतात. पडत नाहीत; पायाखालीच असतात. मागच्या पायांनी उकरत, पाठीकडून जमिनीत शिरतात आणि महिनोन् महिने तिथे थांबतात. ज्या काळ्या मातीला मी पेटीतून हाकलून दिलं, तिच्याच भेगांखाली.

ऑगस्टमध्ये पुण्याहून येताना उरुळी कांचनच्या एका नर्सरीत थांबलो. एक ब्रोमेलियाड घेतलं. लालसर पानांचं, मधोमध तांब्यासारखी खोल बेचकं, त्यात पाणी साठतं. नर्सरीतल्या झाडांवर कीटकनाशक असतं, म्हणून धुऊन, तीन आठवडे न्हाणीघरात वेगळं ठेवून मगच आत लावायचं. मी हे दरवेळी करते. त्या वेळी केलं नाही. फोमच्या भिंतीवरची ती एक रिकामी जागा सहा महिने डोळ्यांत खुपत होती.

चौथ्या रात्री नवरा अंथरुणातून म्हणाला, "तुझ्या पंपाचं बेअरिंग गेलं बघ."

टक्. टक् टक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक् टक्. मी खाली जाऊन पंपाची पिन काढली. आवाज चालूच.

मोबाइलचा उजेड फिरवत गेले, तर त्या ब्रोमेलियाडच्या पानाला चिकटून तो बसला होता. झाडबेडूक. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, फिक्या मातीचा रंग, आणि जरा सरकला तर मांडीच्या मागच्या बाजूला काळपटावर पिवळे ठिपके. डोळे एवढे मोठे, की बाकीचं अंग त्यांच्यासाठी जोडलंय असं वाटावं. उरुळीहून दोनशेच्या वर किलोमीटर तो डिकीत, त्या तांब्यात बसून आला होता.

सकाळी सगळं घर पेटीपुढे. सासूबाईंनी लांबून नमस्कार केला. का ते मी विचारलं नाही. ताता बघून म्हणाले, "कप्पा!" आणि गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या कानडी मावशींनी "कप्पे" म्हणून दुरुस्ती केली. त्यांच्या भाषांत त्या दोघांचंही बरोबर होतं. मुलीने वहीत वेळा लिहायला घेतल्या. दिवसभर पाय पोटाखाली दुमडून पानाच्या देठाशी. संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी डोळे. आठला पहिली हालचाल.

दुसऱ्या रात्री मी त्याला एक विचित्र गोष्ट करताना पाहिलं. तो मागचा पाय उचलून पाठीवर फिरवायचा, मग दुसरा, मग पुढचे पाय डोक्यावरून, गालांवरून. पुन्हा पुन्हा. मला वाटलं झालं, कीटकनाशक लागलं, अंगाची आग होतेय. धावत आरओचं पाणी आणलं. मग जरा वाचलं तेव्हा कळलं, या जातीच्या याच सवयीवर आपल्या देशातल्या बेडकांवरच अभ्यास झाला आहे. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव येतो. तो पायांनी अंगभर चोळून घेतो आणि हलायचं नाही असा बसतो. त्या थराने अंगातलं पाणी उडायचं कमी होतं. म्हणूनच हा बेडूक कोरड्यातही तग धरतो, लोकांच्या न्हाणीघरात, देवळाच्या भिंतीवर, मोटारीच्या खोलीत सापडतो.

मी खुर्ची ओढून बसले आणि हसायला लागले. सहा नोझल, दोन पंखे, टायमर, पिंपं, हायग्रोमीटर. आणि आत पाहुणा स्वतःला तेल लावून बसलेला. गुरुवारी आम्ही जी कातडी पहिली कात्रीने कापून बाजूला सारायचो, कारण तिच्याखाली अभ्यासाचं काही असायचं, त्या कातडीचं हे काम.

पाच दिवस तो आमच्याकडे होता. मुलीला तो ठेवायचा होता. खरं सांगायचं तर मलाही. पेटी त्याच्यासाठी तयार, तो आपण होऊन आलेला, पकडून आणलेला नाही. स्वतःला पटवायला कारणं भरपूर होती. नवरा म्हणाला, हिप्परग्याला सोडून येऊ, अर्ध्या तासाचं काम. तेही बरोबर नव्हतं. पेटीत दहा ठिकाणची झाडं, दहा ठिकाणची ओल. त्यातून त्याच्या अंगाला काय लागलं असेल ते आमच्या तलावात का सोडायचं? तो जिथून आला तिथेच गेला पाहिजे. हाही मार्ग बिनचूक नव्हे, पण बाकीच्यांपेक्षा कमी चुकीचा.

श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडली, ओलं कोकोपीट घातलं, हात साध्या पाण्याने तीनदा धुऊन त्याला उचललं. पोट गार आणि ओलं, गळ्याखालची कातडी भराभर हलणारी. हृदय नेमकं कुठे आहे ते माझ्या बोटाला ठाऊक होतं. रविवारी पहाटे निघालो. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर. भिगवणपाशी उजनीचा फुगवटा लांबवर चमकत होता. आमच्या नळाला पाच दिवसांनी येतं ते पाणी. मुलगी डबा मांडीवर घेऊन होती आणि खड्डा आला की नवऱ्यावर ओरडत होती.

नर्सरीवाल्याने आम्हाला ओळखलं. "रोप खराब निघालं का ताई?"

"नाही, रोप छान आहे. त्याच्यासोबत हा आला होता, तो परत द्यायला आलोय."

त्याने डब्यात डोकावलं, मग गाडीच्या नंबराकडे पाहिलं. "सोलापूरहून?" नवऱ्याने मान हलवली. "यासाठी?" नवऱ्याने पुन्हा मान हलवली, आणि या वेळी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ब्रोमेलियाडच्या रांगेत, शेडनेटच्या सावलीत डबा आडवा ठेवला. तो दहा मिनिटं हललाच नाही. मग एका उडीत समोरच्या पानावर, दुसऱ्या उडीत पानामागे. मुलीने वहीत वेळ लिहिली.

जाता जाता नर्सरीवाल्याने आणखी एक रोप पुढे केलं, म्हणाला, पैसे नकोत, एवढ्या लांबून आलात. मी नको नको म्हणेपर्यंत नवऱ्याने ते हातात घेतलं होतं. कुंडी तिरकी करून त्याने तांब्यातलं पाणी ओतून टाकलं आणि मोबाइलचा दिवा लावून एकेक पान बाजूला सारत आत बघायला लागला. आधी वरून, मग खालून. बराच वेळ बघत होता. नर्सरीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेला, तरी बघतच होता.